संघाची पोटगी

ज्ञानोबा कारकुनानं चष्मा कपाळावर सरकवला, कागद हातभर लांब धरला आणि खरेदी-विक्री संघाच्या गोदामाच्या ओट्यावरून हाक दिली, "चांगुणाबाई भ्रतार बलभीम. पोटगी." खाली सावलीला बावीस बायका बसल्या होत्या, त्यांत सरुबाईच्या मागं उकिडवी बसलेली चांगुणा होती. अठरा वर्षांपूर्वी इथून चालत दहा मिनिटांवर, धाराशिवच्या कोर्टाच्या व्हरांड्यात, पट्टेवाल्यानं हीच हाक मारली होती. ह्याच क्रमानं. आधी तिचं नाव, मग तो भ्रतार, मग ज्याला तिनं सात वर्षं भाकरी थापून घातली त्या तामलवाडीच्या माणसाचं नाव, आणि शेवटी पोटगी. तेव्हा तिला उठताना चक्कर आली होती. आज ती उठलीच नाही. सरुमावशी पुढं हाय, आदी तिचं घ्या, एवढंच म्हणाली आणि पदराचं टोक बोटाला गुंडाळत राहिली. ज्ञानोबानं यादीवर बोट फिरवलं, क्रम मोडतो म्हणून तोंड वाकडं केलं आणि सरुबाईला बोलावलं. मागं गोदामात यंत्र धडधडत होतं. दारातून टरफलांची बारीक धूळ येत होती, ती बायकांच्या केसांवर, भुवयांवर बसत होती, आणि इतकी वर्षं जी धूळ आपल्याच हातून उडायची ती आता आपल्यावर दुसरंच कुणी उडवतंय ह्याचा चांगुणाला उगाचच राग आला.

उगाचच कसा म्हणायचा. यंत्र दिवाळीच्या आधी गुजरातहून आलं, पूजा झाली, नारळ फुटला. तोवर संघाच्या भुईमुगाच्या शेंगा ह्या बायकाच फोडायच्या. शेंग किंचित ओली करायची, देठाकडून अंगठ्यानं दाबायची, टचकन आवाज झाला की दाणे ओंजळीत. सकाळी बसलं की दुपारपर्यंत शेजारणीच्या चार पिढ्यांची खबरबात कानावर यायची आणि हात आपले चालू. अंगठे सोलायचे, नखांखाली रक्त धरायचं, थंडीत तेल लावून चिंधी बांधावी लागायची, पण काम ते काम. बियाण्याच्या शेंगा तर आजही हातानंच फोडाव्या लागतील, कारण यंत्रात दाण्याची साल निघते आणि साल निघालेला दाणा उगवत नाही, हे तिनं मॅनेजरला सांगितलं होतं. मॅनेजर शेतकी कॉलेजात शिकलेला, सरळ मुलगा. त्यानं हसून मान डोलवली आणि म्हणाला, बियाणं आता महामंडळाचं येतं, चांगुणाबाई. मग त्यानं सगळ्यांना गोळा करून सांगितलं की यंत्र जे वाचवील त्यातला भाग संघ ह्या बावीस जणींना दर महिन्याला देणार, सगळ्यांना सारखा, कुणी दुसरीकडं कामाला गेलं तरी देणार, नाही गेलं तरी देणार, यंत्र चालेल तोवर देणार. असं जिल्ह्यात काय, सगळ्या महाराष्ट्रात कुठं झालेलं नाही. बोलताना त्याचा चेहरा उजळला होता. बायकांना काही सुचेना. कुणी विचारलं, त्याच्या बदल्यात करायचं काय? काही नाही, तो म्हणाला. घरी बसा. त्या दिवशी चांगुणाला तो मुलगा आवडला होता आणि घरी जाताना कित्येक वर्षांनी तिनं पावभर गूळ घेतला होता.

आता मात्र त्या गुळाची आठवण कडू लागत होती. घरी बसा. बलभीमही असंच म्हणाला होता, तू आता म्हायेरीच बस. तेव्हा त्यानं दुसरी आणली होती, लोहाऱ्याकडची, आणि ती गरोदर होती. चांगुणाला सात वर्षांत मूल नव्हतं. त्यानं मारलं नाही, शिवी दिली नाही, बैलगाडीत तिची पेटी स्वतः ठेवली आणि तिच्या बापाला म्हणाला, खायला कमी पडू देनार न्हाय. चांगला माणूस म्हणतात अशाला. चांगली माणसंच घरी बसा म्हणतात, हे तिला ओट्याखाली बसल्या बसल्या नव्यानं कळत होतं आणि कळताना अंगाची लाही होत होती. पण हा राग नेमका कुणावर, ते धरता येत नव्हतं. भाग देतायत, फुकट देतायत, कुणाला मिळतं असं? गावात लोक आत्ताच म्हणायला लागले होते की संघाच्या बाया नशिबाच्या, बसून खाणार. परवा चेअरमन आबाराव गोदामात डोकावले तेव्हा तेही गमतीनं तेच म्हणाले, बसून खा आता. आबारावांची तेरणेकाठी काळीभोर जमीन, तिच्यात पाय न ठेवता त्यांचं घर पिढ्यान्‌पिढ्या खात आलं, आणि ते संघाच्या कचेरीत वेताच्या खुर्चीवर बसलेले तिनं जेवढे पाहिले तेवढे उभे कधी पाहिले नव्हते. त्यांनी बसून खाल्लं त्याला उत्पन्न म्हणतात. आम्ही बसून खायला लागलो की लगेच त्याला पोटगी नाव पडलं. हे तिच्या मनात इतकं स्पष्ट उमटलं की आपण मोठ्यानं बोललो की काय म्हणून तिनं शेजारी पाहिलं. शेजारी कुणी ऐकलं नव्हतं.

ओट्यावर सरुबाईचा अंगठा उमटेना. ज्ञानोबानं शाईच्या डबीवर तो तीनदा दाबला, कागदावर टेकवून इकडून तिकडं लोळवला, तरी नुसता निळा डाग पडे. रेषाच येईनात, तो कुरकुरला, ह्या डागाला कोण अंगठा म्हणेल. सरुबाईला काय, ती बोळक्या तोंडानं हसली आणि अंगठा उन्हात धरून पाहायला लागली, जणू रेषा आत कुठं तरी दडून बसल्या असाव्यात. चांगुणानं आपला अंगठा पाहिला. गुळगुळीत, पिवळट, कवडीच्या पाठीसारखा. नऊ वर्षं. नऊ वर्षांत संघानं किती पोती दाणे ह्या रेषांवरून काढले आणि आता म्हणे रेषा दाखवा. सरुबाई रामाच्या देवळामागं राहायची, चांगुणा बुद्धवाड्यात. दोघींची ओळख बहात्तरच्या दुष्काळात खडीवर झाली. तिथं पाण्याचे माठ दोन होते, आणि पहिल्याच दिवशी मुकादम आत्ता काही बोलणार इतक्यात ह्या म्हातारीनं चांगुणाच्या माठातलं पाणी घटाघटा पिऊन तोंड पुसलं होतं. तेवढंच. त्यावर दोघी नंतर कधी एक शब्द बोलल्या नाहीत. तेव्हापासून मावशी.

ती खडी. खडीच्या आठवणीनं चांगुणाचा राग जरा सरळ वाटेला लागला. पाऊस नव्हता, विहिरी फुटक्या डोळ्यांसारख्या, आणि सरकारनं रस्त्याचं काम काढलेलं. हातोडी घ्यायची, दगड फोडायचा, ठराविक आकाराचा ढीग लावायचा, साहेब येऊन टेपनं ढीग मोजायचा आणि त्यावर मजुरी, वर अमेरिकेतून आलेली लाल मिलो ज्वारी आणि सुकडीचं गोड पीठ. बायकांनी पोरं झोळीत घालून झाडाला टांगली आणि दगड फोडले. एकीला तिथंच कळा सुरू झाल्या. आणि तो रस्ता झाला का? नाही झाला. पाऊस पडला, साहेब गेले, ढीग तसेच राहिले, त्यांत बाभळी उगवल्या. परवापरवापर्यंत ती एस्टीतून जाताना ते ढीग पाहायची, आपला कोणता ते ओळखायचा प्रयत्न करायची, आणि तिला कधी राग आला नव्हता. आज आला. म्हणजे रस्ता नको होताच. खडी नको होती. भाकरी द्यायची होती, पण घामाशिवाय दिली तर आम्ही बिघडू अशी भीती होती कुणाला तरी, म्हणून दगड फोडायला लावले. तेव्हा काम नव्हतं तर खोटं काम उभं केलं, का, तर फुकट खाऊ नये. आणि आता खरं काम होतं, मोलाचं, तर ते यंत्राला दिलं आणि म्हणतात फुकट खा. तेव्हाही ठरवणारे तेच, आताही तेच. आम्हाला कुणी कधी विचारलं नाही की बाई, तुझं म्हणणं काय. मागं धडधड चालूच होती. त्या धडधडीत तिला बावीस जणींचे अंगठे ऐकू येत होते, टचक, टचक, सगळे एकदम. ते यंत्र काही परक्याच्या घरचं नव्हतं. आमच्याच कामाच्या जिवावर संघानं ते घेतलं, आमचंच काम ते करतंय. मग त्यातला भाग आला तर तो कुणी दिलेला कसा? तो आमचाच. हे सगळं तिला कळत होतं, आणि तरीही कागदावर तो शब्द बसला होता, आणि त्या शब्दासमोर उठून हात पुढं करायला ती तयार नव्हती.

कारण पोटगीच्या नावानं तिनं एकदा हात पुढं केला होता. बाप घेऊन गेला होता. बाप छप्पन साली दीक्षा घेऊन आलेला, पांढऱ्या सदऱ्यातला, ताठ माणूस. मागून खायचं आपन सोडलं, तो म्हणाला होता, पन हे मागनं न्हवं, हा कायदा हाय, आन्‌ कायदा आपल्या बाबानं लिव्हलाय. कोर्टात साहेबानं एकच विचारलं, चूक कुणाची? बाईची चूक नसताना टाकलं असेल तरच पोटगी. चांगुणा सांगायला तोंड उघडणार तोच दोन्हीकडचे वकील म्हणाले, तडजोड होतेय साहेब. बाहेर लिंबाखाली अर्जनवीस बसलेले, त्यांतल्या एकानं कागद लिहिला, बलभीमनं तिच्या बापाला दोन पोती ज्वारी कबूल केली, आणि अर्जनवीस म्हणाला, बाई, इथं अंगठा. तिनं केला. तेव्हा रेषा छान उमटल्या होत्या. ज्वारी एक पोतं आली. दुसरं आलंच नाही. बाप पुढच्या वर्षी गेला. कागदाची नक्कल पेटीत तळाशी पडून राहिली. पुढं संघात कामाला लागल्यावर तराजूवाला नागप्पा, लोहाऱ्याकडचा, कानडी हेल काढून बोलणारा, पोत्यांवर साच्यानं नावं उमटवायचा, आणि जेवणाच्या सुट्टीत चांगुणा त्याला विचारायची, हे कोनतं अक्षर? असं करत ती पोत्यांवर वाचायला शिकली. आधी संघ. मग शेंगा. मग गावांची नावं, तेरखेडा, लोहारा. तामलवाडीचं पोतं आलं की ती ते उलटं टाकायची. आणि चार वर्षांपूर्वी एका रविवारी, दुपारी, तिनं पेटी उघडून तो कागद उंबऱ्यावर उन्हात पसरला आणि पोत्यावरच्यासारखं एकेक अक्षर लावत गेली. मी चांगुणाबाई भ्रतार बलभीम लिहून देते की मी. मग एक लांब शब्द होता. स्व. खु. शी. ने. स्वखुशीने माहेरी राहत असून माझी पोटगीची मागणी नाही. ती उठली नाही, रडली नाही. चुलीवरची डाळ करपून गेली तरी बसून राहिली. पोटगी मिळाली नाही ह्याचं तिला काहीच नव्हतं. पण ती खुशीनं आली असं सरकारदरबारी लिहून ठेवलंय, तिच्याच अंगठ्यानं, आणि ती मेली तरी ते तिथं तसंच राहणार, हे तिला कुठं ठेवावं ते कळत नव्हतं. अजून कळलेलं नव्हतं.

"चांगुणाबाई, या आता," मॅनेजर म्हणाला. आता तो स्वतः बाहेर आला होता. संचालकांनी ठरवलं होतं की बावीसच्या बावीस अंगठे पडले तरच ठराव पक्का, आणि आज शेवटचा दिवस होता. बाकीच्या बायकाही उठून ओट्याशी आल्या होत्या. ज्ञानोबानं वेळ वाचवायला डबी फिरवून सगळ्यांचे अंगठे आधीच शाईत बुडवून घेतले होते, त्यामुळं त्या हात हवेत धरून उभ्या होत्या, लुगड्याला लागू नये म्हणून. चांगुणा पायऱ्या चढली. शाईची डबी तिच्याकडं सरकली. तिनं कागद उचलला. अंगठा खाली करा, ज्ञानोबा म्हणाला. वाचून करते, ती म्हणाली.

ती मोठ्यानंच वाचायला लागली, कारण मनात वाचायची तिला सवय नव्हती. पोत्यांवर ती तसंच वाचायची. यंत्राच्या आवाजात काही ऐकू जाईना. तेवढ्यात आतून नागप्पा दाराशी आला, थोडा वेळ तिच्याकडं पाहत उभा राहिला, मग आत गेला आणि त्यानं खटका खाली ओढला. धडधड मंदावली, थांबली. सगळं गोदाम एकदम ओसाड झालं. आम्ही खाली सही व अंगठे करणाऱ्या बायका लिहून देतो की, यंत्र बसल्यामुळे आम्ही. इथं ती थांबली. पुढचा शब्द तिला लावावा लागला नाही. तो तिच्या ओळखीचा होता. नुसता शब्द नव्हे, त्यातला तो शी, ज्याची वेलांटी वरून मागं वळून पार आधीच्या अक्षरावर पडते, तीही ओळखीची होती. उंबऱ्यावर उन्हात तिनं ती बोटानं गिरवली होती. चांगुणानं मान वर करून ज्ञानोबाकडं पाहिलं.

"काका, तुमी कोर्टासमूर बसत हुता न्हवं? लिंबाखाली?"

"व्हय. बारा वर्षं बसलो," ज्ञानोबा म्हणाला. "का?"

म्हाताऱ्याच्या चेहऱ्यावर काही नव्हतं. त्यानं असे शेकड्यांनी कागद लिहिले असतील, एका बाईचा कसा लक्षात राहावा. हेच तिला सगळ्यांत जास्त झोंबलं. तिच्या आयुष्यावर पडलेली ती वेलांटी त्याच्या हाताची नुसती सवय होती. तिनं तो शब्द बायकांना वाचून दाखवला, स्वखुशीने संघाचे काम सोडीत आहोत, आणि विचारलं, कोन कोन खुशीनं काम सोडतंय? सरुबाईनं आपला निळा अंगठा शांतपणे गोदामाच्या चुन्याच्या भिंतीला पुसला. तिच्या शेजारणीनं पुसला. एकामागून एक सगळ्यांनी पुसले.

मॅनेजर घाबरला. तो भराभरा बोलायला लागला की बायांनो, उलट संघ चांगलंच करतोय, आणि तो शब्द टोचत असेल तर त्यालाही तो बरा वाटत नव्हताच, पोटगीच्या जागी मदत लिहू, सहाय्य लिहू, हवं ते लिहू. ज्ञानोबा दुखावला. पोटगी हा शब्द त्यानं विचार करून घातला होता; जहागिरदारांच्या धाकट्या भावांना पोटापुरतं द्यायचे त्यालाही जुन्या दफ्तरात पोटगीच म्हणत, त्यात कमीपणा कसला, असं त्याचं म्हणणं. चांगुणा सकाळपासून त्याच शब्दानं जळत होती. तो खोडायला कुणी तरी स्वतःहून तयार झालं होतं, आणि आता तिला तो खोडावासा वाटेना.

"त्यो न्हाय," ती म्हणाली. "त्येच्या आदीचा. स्वखुशीनं खोडा."

तो शब्द घातल्याशिवाय असा कागद होतच नाही, ज्ञानोबा म्हणाला, सगळ्या कागदांत असतो. माझ्याबी कागदात हुता, ती म्हणाली, आणि तिच्या आवाजात असं काही होतं की म्हाताऱ्यानं पहिल्यांदा तिच्याकडं नीट पाहिलं. मॅनेजरनं घड्याळ पाहिलं, भिंतीवरचे निळे डाग पाहिले आणि म्हणाला, खोडा. ज्ञानोबानं शब्दावरून रेघ मारली. खाडाखोड केली तिथं सही लागते म्हणून मॅनेजरनं बाजूला सही केली. चांगुणानं पुन्हा वाचलं. आम्ही संघाचे काम सोडीत आहोत.

"सोडत न्हाय आमी. काडलंय आमाला."

ज्ञानोबानं सुस्कारा टाकला आणि लिहिलं, कामावरून काढण्यात आले आहे. ती वाचून म्हणाली, "कुनी?"

"कुणी म्हणजे? असंच लिहायची पद्धत आहे, बाई."

"काडनारं कुनीतरी आसंल की. आपूआप कसं निगंल मानूस कामावरनं? नाव लिवा त्येचं."

मॅनेजरनं ओठ चावला. यंत्र बंद, अंगण गप्प, नागप्पा दाराच्या चौकटीला टेकून उभा. ज्ञानोबानं टाक हातात धरून मॅनेजरकडं पाहिलं. मॅनेजरनं हातानं लिहा अशी खूण केली, तेव्हा त्यानं ओळीच्या वर, बारीक अक्षरात, घातलं, संघाने. मॅनेजरनं तिथंही सही केली. मग खचलेल्या आवाजात विचारलं की आता त्या पोटगीचं काय करायचं, मदत करायची का.

"राहू द्या ती," चांगुणा म्हणाली. "पोटगी मिळती कुनाला? जिला चूक नसताना टाकलं तिला. कोर्टात सायबानं इचारलं हुतं मला, चूक कुनाची म्हनून, पर सांगू दिलं न्हाय कुनी. आता कागदावर हाय कुनाची ती. आता बराबर बसला शबूद."

ज्ञानोबानं सवयीनं शाईची डबी पुढं केली. तिनं ती बाजूला सारली आणि त्याच्या हातातला टाक घेतला. यादीत पहिल्याच ओळीवर तिचं नाव होतं. त्यापुढं तिनं सावकाश, पोत्यावरच्या साच्यातल्यासारखी मोठी मोठी अक्षरं काढत सही केली, चांगुणा. मग कुणाला न विचारता ज्ञानोबानं लिहिलेल्या नावातले पुढचे दोन शब्द, भ्रतार बलभीम, आडवी रेघ मारून खोडले. खाडाखोड केली तिथं सही लागते, ज्ञानोबा हळूच म्हणाला. तिनं तीही केली.